हातवाले तायडे

खामगावात तायडे आडनावाची माणसं काही कमी नाहीत. पण स्टँडवर उतरून 'हातवाले तायडे' एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नसे. मलाही असंच थेट दारात आणून सोडलं होतं. ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायला मी नव्यानं आले होते, खोली हवी होती, आणि त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. हातवाले म्हणजे हात बघून भविष्य सांगणारे असतील, असं मी धरून चालले होते. विज्ञानाच्या बाईनं ज्योतिष्याच्या डोक्यावर राहायचं, या विचारानं मला रिक्षात हसू येत होतं.

ते निघाले ग्रेडर. गावाबाहेरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, कापूस पारखायचं काम करायचे. शेतकऱ्याची ट्रॉली आत आली की तायडेकाका उजवी बाही कोपराच्या वर सारत, कापसात हात खोल घालत आणि आतून एक मूठ बाहेर काढत. मग कापसाकडे बघायचंच नाही. मान वर करून आभाळाकडे बघत अंगठा आणि दोन बोटांत धागा ओढत राहायचा. धागा किती लांब, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती, ओल किती, हे सगळं मिनिटभरात सांगून मोकळे. पुन्हा हात घालणं नाही, दुसऱ्याला विचारणं नाही. "माहा एक हात बस हाय," असं ते म्हणत, आणि त्यांचं ते खरंही होतं. शेतकऱ्याचा चहासुद्धा ते घेत नसत. त्यामुळे त्यांनी कापूस ओला म्हटला की तो ओला, हे अख्ख्या बाजाराला मान्य होतं.

मी राहायला आले त्या दिवशी नवी गादी जिन्यातून वर नेत होते. काका कठड्याशी उभे होते. त्यांनी शिवणीत बोट घातलं, चिमूटभर कापूस ओढून काढला आणि छताकडे पाहिलं.

"फसवलं तुम्हाले, मॅडम."

"का हो काका?"

"वरतून चांगला हाय. आत जिनातली झाडझूड भरली. दोन महिन्यात गोळे होतीन पाहा."

दीड महिन्यातच झाले.

त्यांना सगळ्यालाच हात लावून बघायची खोड होती. कुणाची लग्नपत्रिका आली तर आधी कागद बोटांत चोळत, मग नवरदेवाचं नाव वाचत. कुसुमकाकूंनी कणीक मळली की परातीजवळून जाताना एक बोट दाबून जात आणि काकू ते हात झटकून देत. बसमध्ये बसले की सीटचं कापड, बँकेत गेले की पासबुकाचा पुठ्ठा. "डोळा फसते, मॅडम. हात नाही फसत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आठवड्यातून एकदा तरी ऐकलं असेन. मी म्हणायचे, काका, तुम्ही माझ्या प्रॅक्टिकलला या, मुलांचे मायक्रोस्कोप बंद करून टाकू. त्यावर ते खूश होत.

काकूंनी मला एक गोष्ट सांगितली होती. हंगामाच्या शेवटी जिनातल्या लोकांनी गंमत म्हणून काकांचे डोळे बांधले आणि पुढ्यात कापसाचे चार ढीग ठेवले. काकांनी एकेक मूठ घेऊन सांगितलं, हा काळ्या जमिनीचा, हा हलक्या जमिनीचा, हा शेवटच्या वेचणीचा, हा मागच्या सालचा. चारही बरोबर. मग कुणीतरी चावटपणानं मेडिकलच्या पुडक्यातला कापूस हातात दिला. काकांनी तो चटका बसल्यासारखा फेकला. "हा मेला कापूस हाय," म्हणाले. "याच्यात जीव नाही. काऊन देल्ला माह्या हातात?" आणि घरी येऊन आंघोळ केली. त्यावर काकू हसत होत्या. मीही हसले. त्या कापसाचं तेल काढून तो धुवून पांढरा केलेला असतो, म्हणून तसा लागतो, असं मी त्यांना समजावूनही सांगितलं. मला समजावून सांगायची खोड आहे.

जिनाच्या मालकांनी ओल मोजायचं एक मशीन आणलं होतं. कापसात सळई खुपसायची की आकडा दिसतो. काका त्याला 'पेटी' म्हणत. इतर जिनांत असलं मशीन रोज चालतं. काकांनी मात्र ते पहिल्याच दिवशी प्लास्टिकसकट कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. मालकांनीही काही म्हटलं नाही. इतक्या वर्षांच्या हातापुढे त्या पेटीची काय पत्रास.

मी आले त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी काका ओट्यावर पेपर वाचत बसत आणि मी कॉलेजला निघताना त्यांच्याशी दोन शब्द बोलत असे. एके दिवशी ते पेपरची घडी उलटीपालटी करून बघत होते.

"आज पेपर ओला काऊन हाय?"

मी हात लावला. पेपर कोरडा खडखडीत होता. "थंडी पडली ना काका, गार लागतोय," असं म्हणून मी निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते काकूंवर चिडले, की वाळवलेल्या मिरच्या ओल्या भरल्या, बुरशी येईल. काकूंनी मिरची मोडून दाखवली, ती कडकन मोडली. मग मीठ ओलं झालं. मग माझ्या हातातल्या वह्यांचा गठ्ठा. त्याच सुमारास त्यांच्या खांद्यावर पंचा दिसायला लागला. बोलता बोलता ते उजवा तळवा त्याला पुसत, मग डावा, मग पुन्हा उजवा. मी बायॉलॉजी शिकवते. नसांवरचा धडा मी दरवर्षी शिकवते. तरी मला त्यात म्हातारपणाच्या तऱ्हेपलीकडे काही दिसलं नाही, आणि ही गोष्ट मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

मार्गशीर्षात जिनात एक बाई कापूस घेऊन आली. सुभद्राबाई तिचं नाव. मोताळ्याच्या पुढं, रोहिणखेडच्या वाटेवर तिचं गाव. नवरा पुण्याकडे कंपनीत, ही इथं चार एकर एकटीनं करायची. पहिल्या वेचणीचा कापूस पिकअपमध्ये भरून ती स्वतः आली होती. काकांनी हात घातला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी मारलं याले." वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडतात, त्या लबाडीला बाजारात हा शब्द आहे. एकदा तो नावाला चिकटला की सुटत नाही.

बाई म्हणाली, "भाऊ, एक थेंब नाही मारला. मशीन लावून पाहा."

"माहा हात हाय तं मशीन कायले?"

"मंग तुमचा हात एखांद्या डाक्टरले दाखवा," बाई सगळ्यांसमोर म्हणाली. "कापूस कोरडा हाय."

काकांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी गाडी परत लावली. त्या दिवशी संध्याकाळी ते घरी जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. तिनं त्यांच्या हातावर बोट ठेवलं होतं, आणि हातापलीकडे त्यांच्यापाशी मिरवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

महिनाभरानं, संक्रांतीच्या आसपास, सकाळी मी जिना उतरत होते. काका अंगणात उभे होते, एक पाय पुढं टाकलेला, आणि खाली बघत होते.

"मॅडम, इथं कापूस कोणं पसरवला?"

खाली फरशी होती. काकूंनी नुकतीच झाडलेली.

"कुठं काका?"

"हा काय. पायाखाली." त्यांनी पाय दाबून बघितला, जिनात मूठ दाबून बघत तसा. आणि मग मान वर करून आभाळाकडे बघितलं. "हलक्या जमिनीचा हाय," म्हणाले. "ओला हाय."

सकाळचे साडेनऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं, समोरच्या घरात रेडिओ चालू होता.  पुढचं पाऊल टाकताना त्यांचा गुडघा मुडपला आणि ते खाली बसले ते स्वतःहून उठले नाहीत.

अकोल्याला दाखवलं. हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नसांमधून निरोप किती वेगानं जातो ते तपासलं, पाठीतलं पाणी काढलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळलं आणि काकूंना कळलं नाही. नसांवर एक आवरण असतं, वायरवर असतं तसं. काकांच्या शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती ते आवरण कुरतडत होती. औषधं सुरू झाली, दवाखान्यात महिना गेला, होळीच्या सुमारास काका वॉकर धरून घरी आले. चार पावलं टाकता येत होती. हातांना मात्र काही लागत नव्हतं, आणि जे लागत होतं ते तिथं नसायचं.

तोवर बाजारात निकाल लागून गेला होता. त्या बाईनं करणी केली. भर जिनात म्हणाली ना, हात डाक्टरले दाखवा म्हणून? महिन्यात हात गेला. आमच्या कॉलेजातल्या क्लार्कचं गाव तिच्या शेजारचंच. तो डबा खाता खाता सांगायचा. सुभद्राबाईच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. दळायला गेली तर चक्कीवाला तिचं पीठ शेवटी काढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या शेतात वेचणीला बाया येईनाशा झाल्या. तिचा कापूस पऱ्हाटीवर तसाच राहिला होता. "मॅडम, एप्रिल लागला," तो म्हणाला, "लोकायचे वावरं वेचून, उलंगून, नांगरून झाले, अन् तिचं वावर पांढरं फक्क उभं हाय. रस्त्यानं जाताना मान वळवा लागते."

काकूंना यातलं सगळं पटलेलं होतं. सकाळी उंबऱ्यावर कापसाचा पुंजका सापडला की त्या तो चिमट्यानं उचलून चुलीत टाकत. खामगावात हंगामात जिनातली रुई उडतेच, झाडांना लागते, कुत्र्यांच्या पाठीला लागते. मी हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता हंगाम कुठं हाय, पोरी?" 

आणि एक गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. दुपारी काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते, श्वासावरून कळत होतं. दोन्ही हात मांडीवर. डोळे मिटल्यावर जरा वेळानं उजव्या हाताची बोटं हलायला लागली. हळूहळू, एकेक, जणू दुसऱ्याच कुणाची असावीत. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासत राहिली. ओढत राहिली. धागा ओढावा तशी. काकांनी डोळे उघडले, बोटं थांबली.

"काका, काय करत होतात?"

"काही नाही. काऊन?"

काकू दारात उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं होतं. नंतर मी पुस्तकं उघडली. नसा बधिर झाल्या की डोळे मिटल्यावर हात कुठं आहे हेच मेंदूला कळत नाही, आणि बोटं अशी भरकटतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण ती बोटं नेमकी तोच धागा का ओढत होती, ते काही त्यात नव्हतं.

काकांचा स्वतःचाही करणीवर निम्माअधिक विश्वास बसला होता. ते कुणाला सांगत नसत. पण पाय जमिनीला टेकवताना ते तोंड फिरवून घेत. पायाखाली कायम तोच कापूस, हलक्या जमिनीचा, ओला. "तिचाच हाय," एकदा मला हळूच म्हणाले. "मी वळखतो. एकडाव हातात आलेला कापूस मी इसरत नाही."

मेच्या पहिल्या आठवड्यात मी ओट्यावर पेपर तपासत बसले होते. प्रश्न होता जन्मजात रोगप्रतिकारशक्तीचा. काकांनी विचारलं, काय लिहून राह्यले पोट्टे? मला समजावून सांगायची खोड आहे, हे मघा म्हटलंच. मी सांगायला लागले.

म्हटलं, अंगात रोगाशी लढणाऱ्या दोन फौजा असतात. एक हळूहळू शिकते, एकेका जंतूला नावानिशी ओळखते. दुसरी जन्मापासून असते, ती सगळ्यात पुढं उभी. तिच्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. ते जंतूला नावानं ओळखत नाहीत. जंतूचं अंग साधारण कसं लागतं, तेवढंच त्यांना कळतं. तसं काही लागलं की ते ओरड करतात आणि मग बाकीची फौज धावून येते.

"त्यायले डोळे नसतात?"

"नाही काका."

"नुसतं लागलं तेवढ्यावर सांगतात?"

"हो. तेवढ्यावर."

 काका म्हणाले, "म्हंजे ते ग्रेडरच झाले."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं शिकवतेय, असं मला सुचलं नव्हतं. म्हटलं, हो, ग्रेडरच. तुमच्या दुखण्यात फौज नसांच्या आवरणावर धावून गेली. आवरणाचे तुकडे पडले. ते तुकडे या रिसेप्टरांना परके लागतात, म्हणून ते पुन्हा ओरड करतात, पुन्हा फौज येते. डॉक्टरांनाही यातलं सगळं अजून उलगडलेलं नाही. पण आग विझत का नाही, याला हे एक कारण असावं असं ते मानतात.

"अन् त्यायच्यावर कोणी नसते? दुसऱ्यांदा पाह्यणारं?"

"असतं. काही पेशींचं कामच असतं, त्यांना रोखायचं. तुमच्यात ते रोखणं कमी पडलं."

"आमच्यातबी होतं," काका म्हणाले. "कपाटात."

उन्हं ओट्यावर आली होती. काकांनी पंच्याला हात पुसला. पुसून झाल्यावर त्या हाताकडे बघत राहिले.

"मॅडम, हे जे ओलं लागते. हे आवरण गेल्यानं लागते?"

"हो. नस चुकीचे निरोप पाठवते. काही नसलं तरी ओलं, गार, मुंग्या, पायाखाली कापूस. कापसाचं तर पुष्कळ रोगी सांगतात, काका. ज्यांनी जन्मात कापूस पाहिला नाही तेही सांगतात."

"कधीपासून झालं असंन हे?"

मी सहज आठवायला लागले, आणि आठवता आठवताच मला कळलं की ते काय विचारतायत. पेपर. मिरच्या. मीठ. माझ्या वह्या.

"दिवाळीपासून तरी," मी म्हटलं.

"बाई आली मार्गशीर्षात."

 समोरून भाजीची गाडी गेली. काकांचा चेहरा मी बघत नव्हते, हात बघत होते. तो मांडीवर उताणा पडला होता.

"तिनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "आतल्या आवरणाले तोंड नसंन, ते काही म्हणत नसंन. पण बाई तं बोलली होती. मशीन लावा म्हणे." आणि मग, "त्या हंगामात आणखी कितीक गाड्या परत लावल्या मी. कोणती खरी ओली होती, कोणती नाही, आता कसं समजन?"

हे काही कुणाला समजणार नव्हतं. ते मला त्या दुपारी करणीपेक्षा जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुभद्राबाईकडे जायचं काढलं. काकूंनी आकांत केला. अर्धा जीव घेतला तिनं, उरलेला द्यायला निघाले का, असं म्हणाल्या. काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुसुम, तिचं नाव मी खराब केलं. त्यापायीच लोक आता तिले चेटकीण म्हणून राह्यले. माह्यावाचून ते कोणी पुसू शकत नाही." जिनाच्या कपाटातून त्यांनी पेटी मागवली. गाडी ठरवली. शेवटी काकूही निघाल्या, पाण्याची बाटली घरून भरून घेऊन. तिच्या घरचा घोटही घेणार नाही, हे त्यांनी मला गाडीत दोनदा सांगितलं.

मोताळा गेलं आणि गावाच्या अलीकडे ते शेत दिसलं. चहूकडे नांगरलेली काळी, उघडी जमीन आणि मधोमध चार एकर पांढरं. वाळलेल्या पऱ्हाट्यांना बोंडांतून कापूस लोंबत होता, वारा नव्हता, एकही हलत नव्हता. काका काचेतून बघत राहिले. मी दुसरीकडे बघितलं. क्लार्क म्हणाला होता ते खरं होतं, मान वळवावीच लागते.

सुभद्राबाई दारात आली. साधारण माझ्याच वयाची, उंच, काटक. तिनं आत या म्हटलं नाही.

"काऊन आले?"

"बाई, तो कापूस हाय का?"

"हाय. कुठं जाते? पाणी मारलेला म्हणून भाव पाडून मागत होते. मी नाही देल्ला."

तिनं बाजूच्या खोलीची कडी काढली. खोली छताजवळपर्यंत भरलेली होती. एव्हाना गावातली वीस-पंचवीस माणसं रस्त्याच्या पलीकडे जमली होती, कुणी अलीकडे येत नव्हतं. काका वॉकरवर वाकून त्यांना म्हणाले, "ओला कापूस कोंडून ठेवला तं काय होते, तुम्हाले सांगा लागते का? तापते. पिवळा पडते. वास मारते. या कोणी, खालतोर उकरून पाहा." पेटी त्यांनी काढलीच नाही. पाच महिन्यांनी कुठलाही कापूस कोरडाच दाखवणार, तिच्यानं आता काही सिद्ध होत नव्हतं.

कुणी पुढं आलं नाही. मग मीच पुढं झाले, पण मला त्यातलं काय कळणार. मला बाजूला सारून काकू आत गेल्या. पदर खोचला आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागल्या. वरचा, मधला, भिंतीकडचा, थेट जमिनीवरचा. चाळीस वर्षं कापसाच्या घरात काढलेली बाई ती. बराच वेळ उपसला. पांढरा, मोकळा, वास नाही, कुठं गोळा नाही. शेवटी त्या त्याच ढिगाऱ्यात खाली बसल्या. केसांत, भुवयांत कापूस लागला होता. सुभद्राबाईकडे बघून म्हणाल्या, "पाणी दे वं बाई, घोटभर."

सुभद्राबाईनं दिलं. काकू ते सगळं प्यायल्या. रस्त्यापलीकडच्या बायका बघत होत्या.

पण पुरुषांचं त्यानं भागलं नाही. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "तायडेभाऊ, तुम्ही हात घाला. तुमच्या हाताचं सांगा." बाकीच्यांनी माना हलवल्या. डोळ्यांना दिसत होतं ते त्यांना पुरत नव्हतं. हातानं जे बिघडलं होतं, ते त्यांना हातानंच नीट करून हवं होतं.

मी काकांकडे बघितलं. काका बाही वर सारत होते. सवयीनं त्यांचा हात खांद्यावरच्या पंच्याकडे गेला.

"तवाबी असाच पुसला होता," सुभद्राबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "कापसात घालायच्या आंधी. मी पाह्यलं होतं, भाऊ. म्हणून म्हटलं डाक्टरले दाखवा. मले वाटलं तुम्हाले बरं नाही."

काकांचा हात पंच्यापाशी थांबला. त्यांनी तो न पुसता खाली घेतला आणि कोपरापर्यंत कापसात घातला. आभाळाकडे बघितलं. मी त्यांना इतका वेळ घेताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओठांवर घाम आला.

"कोरडा हाय," ते म्हणाले. पलीकडच्या माणसापर्यंत जाईल असं म्हणाले. "तवाबी कोरडा होता. मी चुकलो. अन् माह्या हातापायाले जे झालं ते या बाईनं नाही केलं. माह्या आंगानं केलं. डाक्टरचा कागद हाय माह्यापाशी, ज्याले वाचायचा त्यानं वाचा."

कागद कुणी मागितला नाही. हातानं सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं. आम्ही निघताना रस्त्यापलीकडून एक बाई पुढं आली आणि सुभद्राबाईला विचारत होती, "वहिनी, उद्या येऊ का वेचाले?" सुभद्राबाईनं उत्तर द्यायला जरा वेळ लावला. लावू दे, असं मला वाटलं.

जूनमध्ये संस्थेनं मला लोणारच्या कॉलेजात पाठवलं. फोन होतो अधूनमधून, काकू बोलतात. काका चालतात म्हणे आता, काठी घेऊन. हातांचं मी विचारत नाही. माझ्या डोळ्यांपुढे काका येतात ते त्या दिवशीचे, परतीच्या गाडीतले.

ते पुढं बसले होते, मी मागं. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता, बोटं जरा पसरून, कशालाही लागू न देता. पांढरं शेत मागं गेलं. गावाची शेवटची घरं गेली.

"आता कोणी पाहून राह्यलं का मॅडम?"

"नाही काका. कोणी नाही."

"चिंब लागला," ते म्हणाले. "पार कोपरालोक."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि हात पुसायला लागले. मोताळा येईपर्यंत ते पुसत होते. काकूंनी मागून हात लांब करून त्यांचा तळवा एकदा चाचपला आणि सोडून दिला. तो कोरडा होता.